मिथेनॉल, सायक्लोहेक्झेन आणि एका अंशाचा हजारावा भाग

बी.एस्सी.च्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत फेनॉल आणि पाणी यांचे क्रांतिक द्रावण तापमान काढण्याचा प्रयोग अनेकांनी केलेला असतो. परीक्षानळीत फेनॉल आणि पाणी घ्यायचे, ती गरम पाण्याच्या पात्रात धरायची, दोन्ही थर एकजीव होऊन द्रव नितळ झाला की तापमापी वाचायचा, मग नळी थंड होताना द्रव ज्या तापमानाला पुन्हा धूसर होतो ते टिपायचे आणि वेगवेगळ्या प्रमाणांसाठी हेच करून आलेख काढायचा. 66 अंश सेल्सिअसच्या आसपास आलेखाचे शिखर येते, वहीवर सही होते आणि प्रयोग संपतो. द्रव धूसर होण्याचा तो टप्पा मात्र काही सेकंदांत हातातून निसटलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवायला लागल्यापासून मला नेमके त्या टप्प्यातच थांबायचे होते. तापमान तिथे धरून ठेवावे, त्या धूसर द्रवातून प्रकाशाची शलाका सोडावी आणि किती प्रकाश आरपार जातो व किती चहूकडे विखुरतो हे मोजावे, एवढीच इच्छा होती. ती पुरी करताना जे जे करावे लागले त्याची ही हकीकत आहे.

आधी त्या धूसरपणाविषयी. एका विशिष्ट तापमानाच्या वर दोन द्रव कोणत्याही प्रमाणात मिसळतात आणि त्याखाली वेगळे होतात, तेव्हा त्या सीमेच्या शिखरावर त्यांचा क्रांतिक बिंदू असतो. द्रव आणि वायू यांच्यातही असाच बिंदू आहे. कार्बन डायऑक्साइडसाठी तो 31 अंश सेल्सिअसच्या जवळ असल्याचे बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी 1869 मध्ये मांडले. या बिंदूजवळ एरवी नितळ असणारा द्रव दुधाळ दिसू लागतो. त्याचे कारण 1908 मध्ये पोलिश भौतिकशास्त्रज्ञ स्मोलुचोव्स्की यांनी सांगितले. रेणू सतत हलत असल्याने द्रवाची घनता, किंवा मिश्रण असेल तर त्यातील घटकांचे प्रमाण, प्रत्येक बारीकशा भागात क्षणोक्षणी थोडे वर-खाली होत असते. एरवी हे चढउतार लगेच विरून जातात, पण क्रांतिक बिंदू जवळ आला की त्यांना मूळ पातळीवर आणणारा जोरच क्षीण होत जातो आणि ते वाढत जातात. प्रमाण बदलले की अपवर्तनांक, म्हणजे द्रव प्रकाशाला किती वाकवतो त्याचे माप, बदलतो, आणि अपवर्तनांक जागोजागी वेगळा झाला की प्रकाशाचे विकिरण होते, म्हणजे तो चहूकडे विखुरतो. आइन्स्टाइन यांनी 1910 मध्ये याचे गणिती सूत्र दिले आणि आकाशाच्या निळ्या रंगाचा हिशेबही त्यातूनच मांडता येतो हे दाखवले. त्याच सुमारास सी. व्ही. रामन वित्त खात्याचे अधिकारी म्हणून नागपुरात होते. पुढे 1921 च्या सागरी प्रवासानंतर समुद्राच्या निळाईचा विचार करताना त्यांनी याच सिद्धांताचा आधार घेतला. आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगतो, कारण हा विषय कुठल्या तरी दूरच्या देशातला आहे असे त्यांनी मानू नये असे मला मनापासून वाटते.

पहिला निर्णय द्रव निवडण्याचा होता. कार्बन डायऑक्साइडला त्याच्या क्रांतिक बिंदूवर ठेवायचे तर वातावरणाच्या 70 पटींहून अधिक दाब काचेत कोंडावा लागतो, आणि विद्यार्थ्यांच्या गर्दीत तसे काही मांडणे मला मान्य नव्हते. एकट्या द्रवाची आणखी एक अडचण असते. क्रांतिक बिंदूजवळ तो इतका सहज दबतो की स्वतःच्याच वजनाने तळाशी घट्ट आणि वर विरळ होतो, आणि त्यातला एक पातळ थरच खऱ्या अर्थाने क्रांतिक घनतेचा उरतो. म्हणूनच झेनॉनवरचे प्रकाश-विकिरणाचे प्रयोग 1994 आणि 1996 मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून, जवळजवळ वजनविरहित अवस्थेत करण्यात आले. दोन द्रवांच्या मिश्रणात ही अडचण बरीच कमी असते, आणि दोन्ही द्रवांची घनता सारखी असेल तर ती जवळपास उरतच नाही. मिथेनॉलची घनता 0.79 आणि सायक्लोहेक्झेनची 0.78 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. दुसरीकडे त्यांचे अपवर्तनांक 1.33 आणि 1.43 म्हणजे पुरेसे वेगळे आहेत, त्यामुळे विकिरण चांगले ठळक मिळते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ई. एस. आर. गोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवमिश्रणांच्या क्रांतिक वर्तनावर अनेक वर्षे काम केले आहे. आपल्या देशात या विषयाला परंपरा आहे, ही जाणीव माझ्यासाठी फार मोठा आधार होती.

या जोडीचे क्रांतिक तापमान 45 ते 46 अंश सेल्सिअसच्या दरम्यान येते, आणि विदर्भाचा उन्हाळा माहीत असणाऱ्याच्या लक्षात हा आकडा लगेच भरेल. ॲनिलीन आणि सायक्लोहेक्झेन ही दुसरी प्रसिद्ध जोडी 30 अंशांच्या आसपास वेगळी होते. म्हणजे आमच्याकडे मे महिन्यात तिला बर्फात ठेवल्याशिवाय तिचे दोन थर व्हायचे नाहीत, आणि थंड करून तापमान काटेकोर धरणे हे तापवून धरण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. तापमान स्थिर ठेवायचे असेल तर ते भोवतालच्या हवेपेक्षा थोडे वर असलेले बरे, म्हणजे उष्णता सतत बाहेर झिरपते आणि तेवढीच आपण आत देत राहतो. उन्हाळ्यात भर दुपारी पत्र्याच्या छताखालची आमची खोली द्रवाच्या क्रांतिक तापमानाच्याही वर जाई, पण सूर्य मावळल्यावर ती तिशीच्या घरात उतरे आणि पहाटेपर्यंत संथपणे निवत राही. मोजमापाचे काम म्हणून रात्रीवर गेले.

उन्हाळ्याचा दुसरा फायदा हवेच्या कोरडेपणाचा. मिथेनॉल हवेतली ओल पटकन शोषते आणि पाण्याचा अल्प अंशही या मिश्रणाचे क्रांतिक तापमान वर ढकलतो, कारण पाणी मिथेनॉलमध्ये मिसळते पण सायक्लोहेक्झेनला ते चालत नाही. हा परिणाम इतका संवेदनशील आहे की 1930 मध्ये मिथेनॉलमधले पाणी ओळखण्यासाठी हेच तापमान मोजण्याची पद्धत सुचवली गेली होती. जुलैच्या दमट हवेत बाटलीचे झाकण उघडून नळी भरणे म्हणजे तापमान आपल्या हातांनी बिघडवणे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की ओला कपडा पाहता पाहता वाळतो, म्हणून नळ्या भरण्याचे काम त्या दिवसांतच उरकले. मिथेनॉल आधी पाणी शोषणाऱ्या मॉलिक्युलर सिव्हच्या मण्यांवर काही दिवस ठेवले होते. दोन्ही द्रव 0.2 मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून सिरिंजने गाळून घेतले, कारण धुळीचा एक कणही शलाकेत आला की तो एकटाच इतका प्रकाश फेकतो की रेणूंचे चढउतार त्यात झाकले जातात. मिथेनॉलचे प्रमाण वजनाने 29 टक्क्यांच्या जवळ ठेवले.

काचेची कुपी नागपूरच्या एका काचकाम करणाऱ्या कारागिराकडून करून घेतली. आतून दहा मिलिमीटर रुंद, दोन समोरासमोरच्या भिंती सपाट, वर लांब निमुळती मान, आणि आत काचेत बंद केलेला लोखंडाचा बारीक तुकडा, जो बाहेरून चुंबक फिरवला की आतला द्रव ढवळतो. ही मान ज्योतीवर वितळवून कायमची बंद करायची होती आणि आत मात्र दोन ज्वलनशील द्रव होते, म्हणून ते आधी गोठवणे भाग होते. द्रवरूप नायट्रोजन खेड्यात कुठून मिळणार, असा प्रश्न वाचकाला पडेल. तो आपल्याकडे गावोगावच्या गुरांच्या दवाखान्यांत असतो. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच जपून ठेवतात. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी कशासाठी हवा हे नीट विचारून घेतले आणि एका लहान थर्मासमध्ये थोडा दिला. इथे एक गोष्ट ज्यांना हे करायचे असेल त्यांनी मनावर कोरून ठेवावी. उघड्या तोंडाची कुपी थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवू नये. नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो आणि ऑक्सिजन उणे 183 अंशांना, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन कुपीत द्रवरूपाने साचू शकतो, आणि सेंद्रिय द्रव व द्रवरूप ऑक्सिजन एकत्र आले की स्फोटाचे कारण होते. आम्ही कुपी फक्त वरच्या थंड वाफेत धरली, आतला द्रव घट्ट झाल्यावर मान ओल्या फडक्याने गुंडाळली आणि ओढून बंद केली. चष्मा आणि हातमोजे सर्वांनी घातले होते.

आता तापमान. या प्रयोगाविषयी माझे ठाम मत असे झाले आहे की यात प्रकाश मोजणे हे दुय्यम काम आहे. लेझर आणि प्रकाश मोजणारा फोटोडायोड आज कुठेही मिळतात. परीक्षा सगळी तापमानाची असते. क्रांतिक तापमानापासून एक अंश दूर, दशांश अंश दूर आणि शतांश अंश दूर या तीन ठिकाणी द्रवाचे वागणे पूर्णपणे वेगळे असते, त्यामुळे अंशाचा हजारावा भाग ओळखता आणि धरून ठेवता आला नाही तर विकिरणाच्या आकड्यांना काही अर्थच उरत नाही. आमच्याकडचा दहा किलो-ओहमचा थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार बदलणारा रोध, 45 अंशांना साधारण 4,350 ओहम रोध दाखवतो आणि तापमान हजारांश अंशाने बदलले की त्याच्या रोधात जेमतेम 0.17 ओहमचा फरक पडतो. बारावीच्या प्रयोगशाळेतला व्हीटस्टनचा सेतू इथे पुन्हा कामाला आला. त्याच्या एका भुजेत थर्मिस्टर आणि उरलेल्या भुजांत उष्णतेने न बदलणारे रोध घालून, असंतुलनाचा सूक्ष्म विद्युतदाब प्रवर्धकातून हीटरकडे पाठवला.

यंत्राची रचना दुपदरी होती. बाहेर थर्मोकोलचे अस्तर लावलेली लाकडी पेटी, तिच्यात एक बल्ब आणि हवा फिरवणारा छोटा पंखा, आणि आतली हवा क्रांतिक तापमानाच्या साधारण एक अंश खाली. या पेटीच्या मध्यभागी ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा, त्यात कुपीसाठी खाच, प्रकाश आत येण्यासाठी, समोर बाहेर पडण्यासाठी आणि काटकोनात बघण्यासाठी भोके. जिनिंग फॅक्टरीच्या यंत्रांचे भाग कातून देणाऱ्या आमच्या गावच्या लेथवाल्या मिस्त्रींनी तो ठोकळा बनवला. कुपी खाचेत बेताने बसावी, सैल नको आणि घट्टही नको, हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी कुपीच दोन दिवस स्वतःजवळ ठेवून घेतली आणि अर्ध्या सुताचाही फरक राहू दिला नाही. भिंती आणि धातू यांच्यात हवेची फट राहिली तर उष्णता पोचायला उशीर लागतो, म्हणून तेवढ्या जागेत तेलाचा पातळ थर दिला.

विजेचा प्रश्न आमच्या भागात कुणालाही समजावून सांगायला नको. रात्रीच्या पाळीत शेतीपंपांना थ्री-फेज मिळाली की शिवारातल्या मोटारी एकामागोमाग सुरू होतात आणि गावातल्या विजेचा दाब खाली-वर होतो. शेतकऱ्याला रात्री अंधारात ओलिताला जावे लागते त्यापुढे माझी अडचण काहीच नव्हती, पण प्रयोगापुरता मार्ग काढणे आवश्यक होते. आतल्या ठोकळ्याचा हीटर, सेतू, लेझर आणि फोटोडायोड हे सर्व मी 12 व्होल्टच्या बॅटरीवर नेले. बाहेरच्या पेटीचा बल्ब मात्र लाइनवरच ठेवला, कारण त्या पदरातला थोडा हेलकावा आतला जाड धातू सहज पचवतो. या व्यवस्थेत ठोकळ्याचे तापमान रात्रीच्या मधल्या तासांत दोन-तीन हजारांश अंशांच्या आत राहू लागले. प्रकाशासाठी लाल लेझरची शलाका एका तिरप्या काचपट्टीवर पाडून तिचा लहानसा भाग दुसऱ्या फोटोडायोडकडे वळवला होता. दोन्ही वाचनांचे गुणोत्तर घेतल्याने लेझरचा स्वतःचा चढउतार हिशेबातून निघून जातो.

पहिल्यांदा द्रव क्रांतिक तापमानाच्या दोन अंश वर नेला, तेव्हा कुपीत काही आहे की नाही असे वाटावे इतका तो स्वच्छ होता. तिथून टप्प्याटप्प्याने खाली यायचे, प्रत्येक टप्प्यावर चुंबकाने ढवळायचे, वाट पाहायची आणि वाचन घ्यायचे. एक अंश वर असताना एका सेंटिमीटरच्या मार्गात सुमारे तीन टक्के प्रकाश कमी झाला. सुमारे 0.3 अंशांवर जवळपास दहावा हिस्सा गेला आणि काटकोनातल्या भोकातून पाहिले तर शलाकेचा मार्ग लाल रेघेसारखा उमटू लागला. लेझर बंद करून साधा पांढरा दिवा लावला की बाजूने द्रव निळसर आणि दिव्याच्या दिशेने पाहिले तर तांबूस दिसे. सकाळी यंत्र बघायला आलेल्या आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचर भाऊंनी ते पाहिले आणि काळजीने म्हणाले, "सर, नळी गढूळ होऊन राह्यली, औषध नासलं काय?" मी ठोकळ्याचे तापमान अर्ध्या अंशाने वाढवले आणि त्यांना थांबायला सांगितले. थोड्या वेळाने द्रव निवळला. "आता तं पुरी साफ झाली. मंग मघाशी घाण आली कुठून?" हा त्यांचा प्रश्न माझ्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. घाण कुठूनही आलेली नव्हती. त्या कुपीत दोन शुद्ध द्रवांशिवाय काहीही नव्हते, आणि जो गढूळपणा दिसत होता तो त्याच द्रवांच्या रेणूंनी कुठे किंचित जास्त मिथेनॉल, कुठे किंचित जास्त सायक्लोहेक्झेन अशी क्षणभराची वाटणी केल्याने निर्माण झाला होता.

ही वाटणी किती अंतरापर्यंत एकसारखी राहते त्याला सहसंबंध लांबी म्हणतात. ज्वारीच्या शेतात हलक्या वाऱ्याने एकेक ताट आपल्यापुरते डुलते आणि वारा बदलला की पट्टेच्या पट्टे एकदम वाकतात, तसे इथे तापमान उतरत जाते तसतसे अधिकाधिक दूरचे रेणू एका रीतीने वागू लागतात. या मिश्रणात ती लांबी 0.3 अंशांवर सुमारे 25 नॅनोमीटर, 0.03 अंशांवर सुमारे 110 नॅनोमीटर आणि तीन हजारांश अंशांवर सुमारे 470 नॅनोमीटर येते. द्रवातल्या लाल प्रकाशाची तरंगलांबीही साधारण एवढीच आहे. रेणूचा आकार नॅनोमीटरच्याही आतला असताना त्यांचा मेळ प्रकाशाच्या तरंगाएवढा व्हावा, आणि त्यासाठी बाहेरून तापमान थोडे उतरवण्यापलीकडे आपण काहीच करू नये, याचे मला आजही तितकेच आश्चर्य वाटते.

जवळ जाताना वेळही बदलतो. चढउतार विरून जाण्याचा काळ सहसंबंध लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: एक अंश दूर असताना तो काही मायक्रोसेकंद असतो, तर तीन हजारांश अंशांवर सेकंदाच्या पाव भागाच्या घरात जातो. हे आकडे वाचून मला माहीत होते, पण डोळ्यांनी दिसेल असे वाटले नव्हते. काटकोनातून बाहेर पडणारा विखुरलेला प्रकाश एका पांढऱ्या कागदावर घेतला. दूर असताना कागदावर सपाट, मंद लाली होती. तापमान खाली येत गेले तशी ती लाली दाणेदार झाली, आणि अगदी जवळ आल्यावर ते लाल-काळे दाणे सावकाश उमलताना, सरकताना आणि मिटताना स्पष्ट दिसू लागले. त्या वेळी माझ्यासोबत आमच्याच महाविद्यालयाची पदव्युत्तर वर्गातली एक विद्यार्थिनी होती. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि मग तिने विचारले, "सर, म्हणजे हे दाणे आधीही हलत होते, फक्त आपल्याला दिसत नव्हते?" आधीही हलत होते, मात्र इतक्या वेगाने की डोळ्याला त्यांची सरासरीच दिसत होती. प्रकाशाच्या या हालचालीची नोंद घेऊन द्रवातल्या विसरणाचा वेग काढण्याची पद्धत लेझर आल्यानंतरच्या काळात रूढ झाली. तिला वेगवान सहसंबंधक यंत्र लागते आणि ते आमच्याकडे नव्हते.

याच मंदपणामुळे प्रत्येक वाचनाला लागणारा वेळ वाढत जातो. अगदी जवळच्या टप्प्यांवर एका वाचनासाठी अर्धी रात्र द्यावी लागे, आणि ढवळल्याशिवाय तर कुपीच्या वरच्या-खालच्या भागांतले प्रमाण सारखे व्हायला वर्षेही पुरली नसती. घाईने घेतलेले वाचन सुंदर दिसते आणि खोटे असते, हे मी विद्यार्थिनीला बजावून ठेवले होते. एकाच तापमानावर वरून उतरत आणि थोडे खाली जाऊन परत वर चढत, असे दोन्ही बाजूंनी घेतलेले वाचन जुळले तरच ते वहीत जाई.

0.03 अंशांवर सुमारे 40 टक्के प्रकाश कमी झाला होता. तीन हजारांश अंशांच्या आसपास पाव हिस्साच आरपार येत होता. इथे सिद्धांताची खरी कसोटी लागते. आइन्स्टाइनचे मूळ सूत्र जसेच्या तसे लावले तर या ठिकाणी एका सेंटिमीटरमधून नोंद घेण्याइतकाही प्रकाश बाहेर यायला नको, आणि प्रत्यक्ष क्रांतिक बिंदूवर तर विकिरण अमर्याद व्हायला हवे. तसे होत नाही, कारण ते सूत्र जवळजवळच्या भागांतले चढउतार एकमेकांपासून स्वतंत्र धरते. ऑर्नस्टाइन आणि झर्निके यांनी 1914 मध्ये त्यांच्यातले नाते हिशेबात घेतले. सहसंबंध लांबी तरंगलांबीच्या जवळ पोचली की वेगवेगळ्या कोनांतले विकिरण सारखे राहत नाही, ते पुढच्या दिशेला झुकते आणि त्याची एकूण वाढ आवरली जाते. लाल प्रकाश आणि काटकोन धरला तर हा फरक 0.1 अंशाच्या आत आल्यावर ठळक होतो. म्हणून आमच्या वाचनांना ही दुरुस्ती लावल्याशिवाय पुढे जाणे शक्य नव्हते.

शेवटी द्रव क्रांतिक तापमानाच्या काही हजारांश अंश खाली नेला. शलाकेसमोर पडदा होता. लाल ठिपक्याभोवती आधी एक फिकट, रुंद कडे उमटले. मग ते आत आत आकसत गेले आणि आकसताना अधिकाधिक उजळ झाले. संपूर्ण द्रवात एकाच वेळी दोन प्रकारच्या प्रदेशांची जाळी विणली जाते आणि त्या प्रदेशांचा सरासरी आकार कड्याची त्रिज्या ठरवतो. प्रदेश मोठे होतात तशी त्रिज्या घटते. या क्रियेला स्पिनोडल विघटन म्हणतात. कडे ठिपक्यात विरून गेल्यावर कुपी पांढरीशुभ्र झाली, आणि पहाटेपर्यंत तिच्यात दोन थरांमधली सीमारेषा उमटली. घनता जवळजवळ सारखी असल्याने थर सावकाश वेगळे होतात. रेषा कुपीच्या जवळपास मध्यावर होती, म्हणजे 29 टक्क्यांचे प्रमाण योग्य साधले होते.

वाचनांचा हिशेब असा करतात: क्रांतिक तापमानापासूनच्या अंतराला त्याच तापमानाने, केल्व्हिनमध्ये, भागायचे, दुरुस्त केलेली गढूळता, म्हणजे द्रवातून जाताना प्रकाश किती घटतो त्याचे माप, त्याच्यासमोर लॉग-लॉग कागदावर मांडायची. बिंदू सरळ रेषेत आले तर तिच्या उतारावरून गॅमा नावाचा घातांक मिळतो. व्हॅन डर वाल्स यांच्या समीकरणावरून आणि सरासरी धरून चालणाऱ्या इतर जुन्या सिद्धांतांवरून तो 1 यायला हवा. केनेथ विल्सन यांनी ज्या पुनःसामान्यीकरणाच्या पद्धतीसाठी 1982 चे नोबेल पारितोषिक मिळवले, तिच्यातून तो 1.24 येतो. आमची रेषा 1.2 च्या आसपास आली. दुसऱ्या दशांश स्थळाबद्दल मी काही बोलणार नाही, कारण उपकरणाची तेवढी योग्यता नाही; पण रेषा 1 वर बसत नाही हे मात्र नक्की. विद्यार्थिनीने क्रांतिक तापमान दोन-दोन हजारांश अंशांनी मागे-पुढे सरकवून उतार पुन्हा पुन्हा काढला, तरी तो 1 पर्यंत खाली आला नाही.

या घातांकाचे खरे महत्त्व असे की तो मिथेनॉलचा नाही आणि सायक्लोहेक्झेनचाही नाही. कार्बन डायऑक्साइड, झेनॉन, फेनॉल-पाणी आणि आयसिंग प्रतिकृती या लोहचुंबकाच्या साध्या गणिती नमुन्यालासुद्धा हाच आकडा लागू पडतो. हे आमच्या खोलीत पडताळायचे तर द्रव बदलणे हा एक मार्ग होता, पण त्याहून सोपा मार्ग जवळच होता. दुसरी कुपी भरताना मी मिथेनॉलमध्ये जाणूनबुजून अगदी थोडे पाणी घातले. तिचे क्रांतिक तापमान पहिल्या कुपीपेक्षा एका अंशाहून अधिक वर गेले आणि सीमारेषाही मध्यापासून किंचित सरकून उमटली. त्यामुळे पेटीचे आणि ठोकळ्याचे तापमान नव्याने बसवावे लागले आणि सगळी वाचने पहिल्यापासून घ्यावी लागली. पाऊस सुरू होण्याआधी ती पूर्ण झाली. दोन्ही कुप्यांच्या रेषा विद्यार्थिनीने एकाच कागदावर काढल्या, आणि आमच्या मोजमापाच्या मर्यादेत त्या एकमेकींना समांतर आहेत.